बारदान परत कोण आणणार?

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे दोन शेजारी तालुके. माल कसा तयार होतो, कसा भरला जातो आणि कुठे जातो हे पाहायला याहून सोयीचा टापू महाराष्ट्रात मिळणे कठीण. नगर रस्त्यावर रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे. तिथून फ्रिज, टीव्ही आणि मोटारी बाहेर पडतात. सोलापूर रस्त्यालगत कुरकुंभची रासायनिक वसाहत आहे. भीमा आणि घोड नद्यांच्या काठी ऊस, उसामागे साखर कारखाने आणि गुऱ्हाळे. बाकीच्या रानात कांदा, डाळिंब, तरकारी. आणि जवळजवळ प्रत्येक वस्तीवर दुधाचा धंदा. दौंड जंक्शनवर मनमाडकडे आणि सोलापूरकडे जाणाऱ्या रेल्वेवाटा फुटतात. इथून निघणारा जवळजवळ सगळा माल कशात ना कशात भरूनच गाडीवर चढतो: गोणी, कट्टा, क्रेट, पुठ्ठ्याचे खोके, पिशवी, पिंप. माल पोचला की व्यवहार संपला असे आपण मानतो आणि रिकाम्या वेष्टनाचा विचार थेट कचराकुंडीपाशी सुरू करतो. माझे म्हणणे असे आहे की हा विचार फार उशिरा सुरू होतो. वेष्टन ज्यूटचे आहे, प्लास्टिकचे आहे की कागदाचे, या प्रश्नाआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा: रिकामे झाल्यावर ते परत कोण आणणार, आणि त्याचे भाडे कोण देणार?

वेष्टनाच्या बाजूने जे बोलायला हवे ते मात्र आधी बोलले पाहिजे, कारण कचऱ्याच्या रागात ते विसरले जाते. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या लुधियाना येथील काढणीपश्चात तंत्रज्ञान संस्थेने 2015 साली शेतमालाच्या नासाडीचा देशव्यापी अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात टोमॅटोची नासाडी 12.44 टक्के, कांद्याची 8.20 टक्के आणि दुधाची जेमतेम 0.92 टक्के आढळली. दूध तर या तिन्हींत सर्वांत लवकर नासणारे. तरीही ते सर्वांत कमी वाया जाते, कारण काढल्यापासून ग्राहकाच्या दारापर्यंत ते कधीच उघड्यावर नसते. गावातला शीतकरण टँक, मग टँकर, मग पिशवी, मग क्रेट, अशी साखळी अखंड चालते. एकट्या पिशवीला हे श्रेय देता येणार नाही, पण पिशवी आणि क्रेट वगळून ती साखळी उभीही राहणार नाही. टोमॅटोचे उलट आहे. करंडीत भरलेला तळचा टोमॅटो वरच्या सगळ्या टोमॅटोंचे ओझे अंगावर घेतो. क्रेटची थप्पी लावली की ते ओझे क्रेटच्या भिंती घेतात आणि फळ मोकळे राहते. शेजारच्या जुन्नर तालुक्यात नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा व्यवहारच 20 किलोच्या क्रेटवर चालतो, तो यामुळे. सडलेला टोमॅटो फेकताना त्याच्यामागचे चासकमानच्या किंवा खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी, खत, फवारणी, डिझेल आणि मजुरी हे सगळे फेकले जाते. अन्नाच्या बाबतीत बहुधा वेष्टनाला लागलेल्या साधनसंपत्तीपेक्षा आतल्या मालाला लागलेली कितीतरी जास्त असते. म्हणून वेष्टन कमी करून नासाडी वाढवणे हा पर्यावरणाचा तोटाच आहे.

वेष्टन आणखी एक काम करते, ज्याची नोंद कुणी घेत नाही: माणसाच्या पाठीवर किती ओझे पडणार हे ते ठरवते. साखरेचे पोते एकेकाळी 100 किलोचे असे. आज कट्टा 50 किलोचा आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने प्रौढ पुरुषाने हाताने उचलायच्या ओझ्याची कमाल मर्यादा 55 किलो सुचवली ती 1967 साली. महाराष्ट्रात माथाडी कायदा आला 1969 साली. पण कायद्याने हमालाला दिलेले संरक्षण प्रत्यक्ष त्याच्या मणक्यापर्यंत पोचते ते गोणीच्या आकारातून. बाजार समित्यांत 50 किलोपेक्षा जड कांद्याच्या गोण्या उचलायला माथाडी नकार देतात, तेव्हा तो वेष्टनाच्या मापाचाच वाद असतो आणि त्यात हमालांची बाजू न्याय्य आहे.

आता त्या नेहमीच्या भांडणाकडे येऊ: ज्यूट चांगले की प्लास्टिक? साखरेवर याची परीक्षा घेता येते, कारण इथे कायदाच मध्ये आहे. 1987 च्या ज्यूट वेष्टन सक्तीच्या कायद्याखाली अन्नधान्य पूर्णपणे आणि साखर 20 टक्के ज्यूटच्या पोत्यांत भरणे बंधनकारक केले गेले. उरलेली साखर विणलेल्या पॉलीप्रॉपिलीनच्या कट्ट्यांत जाते. एक टन उसातून साधारण 100 ते 110 किलो साखर मिळते. हंगामात 5 लाख टन ऊस गाळणारा एक कारखाना हिशेबापुरता डोळ्यांसमोर आणला, तर त्याला 50 किलोचे 10 लाखांवर कट्टे लागतील. 50 किलोच्या प्रमाणित ज्यूट पोत्याचे वजन 580 ग्रॅम. प्लास्टिकच्या कट्ट्याचे सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. म्हणजे ज्यूट वापरले तर एका हंगामात 580 टन बारदान, प्लास्टिक वापरले तर सव्वाशे टन. शिवाय ज्यूट येते बंगालकडून. हावडा ते दौंड हे अंतर रेल्वेने दोन हजार किलोमीटरच्या घरात जाते. साखर कारखान्यांची आणखी एक तक्रार असते: पोत्याचे तंतू साखरेत मिसळतात आणि ताग मऊ करायला वापरलेल्या तेलाचा वास लागतो. वनस्पती तेल वापरून केलेली खाद्य दर्जाची पोती त्यावर उपाय म्हणून निघाली, पण ती महाग पडतात.

एवढे वाचून प्लास्टिकने बाजी मारली असे वाटेल. तसे नाही. ज्यूटचे पोते एकदा वापरून संपत नाही. धान्याचे रिकामे पोते बारदानाच्या व्यापाऱ्याकडे जाते, ठिगळ लागते, सुतळीने शिवले जाते आणि शेतकऱ्याच्या बांधावर कांद्याची गोणी म्हणून पुन्हा उभे राहते. कांद्याला तेच मानवते, कारण कांदा काढणीनंतरही श्वास घेतो. बंद कट्ट्यात त्याला घाम सुटतो आणि तो सडतो. निर्यातीच्या कांद्याला म्हणूनच जाळीची गोणी लागते. प्लास्टिकचा कट्टाही पुन्हा वापरला जातो, पण उन्हात त्याची वीण लवकर ठिसूळ होते. झाकण म्हणून रानात टाकलेल्या कट्ट्याचे काही महिन्यांत धागे सुटतात आणि ते नांगरटीत मातीत मिसळतात. तिथून ते कुणीही वेचून काढू शकत नाही. तेव्हा तीन फेऱ्या करणारे ज्यूटचे पोते आणि एका फेरीत संपणारा प्लास्टिकचा कट्टा यांची तुलना केली तर एक निकाल लागतो. एका फेरीत टाकलेले ज्यूट आणि जपून चार वेळा वापरलेला कट्टा यांची केली तर बरोबर उलटा. वेष्टन कशाचे असावे हे आतल्या मालाच्या स्वभावावरून ठरवावे. पर्यावरणाचा हिशेब मात्र त्याच्या फेऱ्यांवरच मांडावा लागतो.

हे किती खरे आहे याचा पुरावा प्रत्येक स्वयंपाकघरात आहे. घरगुती गॅसच्या सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो आणि रिकाम्या टाकीचे पोलाद साधारण तेवढ्याच किंवा थोड्या अधिक वजनाचे असते. मालाइतकेच जड वेष्टन, तेही पोलादाचे! एकदा वापरून टाकायचे असते तर हा मूर्खपणा ठरला असता. पण अनामत घेतलेली आहे, भरलेले देताना रिकामे घ्यायचे असा रिवाज आहे आणि रिकामी टाकी त्याच टेम्पोने परत जाते. त्यामुळे गॅसच्या टाकीचा कचरा कुठल्याही गावाच्या उकिरड्यावर दिसत नाही.

रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूर, चाकण या पट्ट्यात मोटारउद्योगाने हेच तत्त्व फार आधी स्वीकारले. सुटे भाग पुरवणारे छोटे कारखाने आणि मोटारी जोडणारे मोठे कारखाने यांच्यात चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचे अंतर. इथे भाग पुठ्ठ्याच्या खोक्यात न जाता प्लास्टिकच्या क्रेटमध्ये किंवा त्या भागाच्या मापाने बनवलेल्या लोखंडी ट्रॉलीत जातात. एकच गाडी सकाळी निघून दोन-चार पुरवठादारांकडून माल उचलते, कारखान्यात उतरवते आणि परतताना रिकाम्या ट्रॉल्या ज्याच्या त्याला देते. प्रत्येक खणात एकच भाग बसतो, म्हणून मोजणी आपोआप होते, ओरखडा पडत नाही आणि लाइनवर खोकी फोडत बसावे लागत नाही. पर्यावरणाच्या प्रेमापोटी हे सुरू झालेले नाही, पैसे वाचतात म्हणून झाले. मला यातच आशा दिसते: जिथे परतीचा हिशेब एका धन्याच्या वहीत येतो, तिथे वेष्टन आपोआप परत येऊ लागते.

आणि जिथे तो येत नाही, तिथे काय होते? दुधाचीच गाडी पाहा. पहाटे क्रेटमध्ये भरलेल्या पिशव्या घेऊन ती निघते. क्रेट डेअरीच्या मालकीचे आणि मोजून दिलेले. संध्याकाळपर्यंत ते परत जातात. त्याच क्रेटमधली पिशवी मात्र परत जात नाही. गाडी एक, रस्ता एक, दोन्ही प्लास्टिकचेच; फरक फक्त हिशेबाचा. महाराष्ट्र शासनाने 23 मार्च 2018 रोजी प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी घालणारी अधिसूचना काढली, तेव्हा दुधाच्या पिशवीला सूट देताना ती परत घेण्याची व्यवस्था आणि पिशवीमागे 50 पैसे परतावा अशी अट घातली होती. कल्पना अगदी योग्य होती. पण पिशव्या धुऊन, सुकवून, साठवून दुकानात न्यायच्या ग्राहकाने, त्या मोजून ठेवायच्या दुकानदाराने, आणि मिळणार सुटे 50 पैसे, या हिशेबात कुणालाच काही उरत नव्हते. रोजच्या घराघरात ती व्यवस्था रुजली नाही. परतावा इतका असला पाहिजे की पिशवी टाकून देणे जिवावर यावे. जर्मनीने 2003 पासून पेयांच्या डब्यावर 25 सेंट अनामत लावली, आणि तिथे तो डबा रस्त्यावर पडून राहत नाही.

यावर पहिला आक्षेप वाहतूकदाराचा असेल आणि तो रास्त आहे: रिकामे परत आणायला डिझेल जळत नाही का? जळते. म्हणून परतीचे वेष्टन सगळीकडे शहाणपणाचे नसते. उदाहरण शेतमाल नेणाऱ्या किसान रेलचे: 21 ऑगस्ट 2020 पासून सांगोला ते मनमाड अशी जोड किसान रेल सुरू झाली. तिला दौंडला थांबा होता. पुढे त्याच वर्षी 28 डिसेंबरला देशातली शंभरावी किसान रेल सांगोल्याहून बंगालमधल्या शालिमारला निघाली. इतक्या लांब गेलेला प्लास्टिकचा क्रेट एकट्यादुकट्या शेतकऱ्याला परत मिळणे जवळपास अशक्य. तिथे डाळिंबाला पुठ्ठ्याची पेटीच योग्य, कारण ती तिकडेच रद्दीत जाऊन पुन्हा कागद होते. फक्त ती पेटी पुरेशी मजबूत हवी. दमट हवेत पुठ्ठ्याची ताकद निम्म्यापर्यंत उतरू शकते आणि पेटीचे बळ तिच्या कोपऱ्यांत असते. थप्पी कोपऱ्यावर कोपरा ठेवून लावली नाही, तर तळची पेटी दबून आतले फळ जाते. स्वस्तातली पातळ पेटी घेऊन दहा रुपये वाचवायचे आणि फळाचे शेकडो घालवायचे, हे आपल्याकडे वारंवार घडते.

पण पन्नास-शंभर किलोमीटरच्या आत हा आक्षेप टिकत नाही. शिरूरहून पुण्याच्या मार्केट यार्डात माल घेऊन गेलेला टेम्पो परततोच, आणि बहुधा रिकामाच परततो. त्यात क्रेट ठेवले तर डिझेलमध्ये पडणारा फरक किरकोळ असतो. एकात एक बसणारे किंवा घडी होणारे क्रेट घेतले तर जागाही कमी लागते. खरी अडचण मापाची आहे. जगभर 600 गुणिले 400 मिलिमीटर हे मूळ माप धरतात, कारण 1200 गुणिले 800 च्या पॅलेटवर असे चार आणि 1200 गुणिले 1000 च्या पॅलेटवर पाच क्रेट अंगाला अंग लावून बसतात. आपल्याकडे प्रत्येक अडत्याचा, प्रत्येक बाजाराचा क्रेट वेगळा. मग एकाचा दुसऱ्याला चालत नाही आणि हरवला तर भांडण. माप एक झाले तर क्रेट कुणाचा हा प्रश्नच मावळतो. जितके भरलेले दिले तितके रिकामे घ्यायचे.

दुसरा आक्षेप शेतकऱ्याचा आहे आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. ही सगळी व्यवस्था शेवटी त्याच्याच गळ्यात पडेल, असे त्याला वाटते. आजही कांद्याची गोणी तो पदरमोड करून आणतो. ती मालाबरोबर जाते, विक्रीच्या पट्टीत तिचे पैसे धरले जात नाहीत, आणि पुढच्या हंगामात दुसऱ्याने वापरलेले तेच बारदान त्याला पुन्हा विकत घ्यावे लागते. नाशिककडे लासलगावसारख्या बाजारात कांदा ट्रॅक्टरमध्ये मोकळाच येतो आणि लिलावानंतर व्यापारी आपल्या खर्चाने गोण्या भरतो. वेष्टनाचा खर्च कुणी करायचा हे बाजाराच्या रिवाजावर आहे आणि रिवाज बदलता येतो, याचे हे ठोस उदाहरण. केंद्र सरकारने 16 फेब्रुवारी 2022 रोजी प्लास्टिक वेष्टनाबाबत उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीचे नियम अधिसूचित केले, त्यात भार उत्पादक, आयातदार आणि ब्रँडचा मालक यांच्यावर टाकला. 4.9 लिटर किंवा त्याहून मोठ्या कठीण प्लास्टिक वेष्टनापैकी 70 टक्के पुन्हा वापरले जावे, असे लक्ष्य 2025-26 पासून ठेवले. दिशा बरोबर आहे. पण या चौकटीत ब्रँड नसलेल्या शेतमालाची गोणी येत नाही. ती आणायची तर बाजार समितीनेच पुढे व्हावे लागेल.

तिसरा आक्षेप कुरकुंभच्या दिशेने येतो: प्रत्येक वेष्टन परत फिरावे का? नाही. रसायनांची रिकामी पिंपे हा घातक कचरा आहे, असे 2016 चे घातक कचरा नियम स्पष्ट सांगतात. ती अधिकृत प्रक्रियादाराकडेच जायला हवीत. पण निळे पिंप मजबूत असते, भंगारात स्वस्त मिळते, आणि उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या वस्तीला पाणी साठवायला तेच परवडते. आत पूर्वी काय होते हे घेणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. पुनर्वापराची ही वाट जिवावर बेतणारी आहे. यातून पुनर्वापरच नको असा निष्कर्ष काढणे मात्र चूक ठरेल. प्रत्येक पिंपावर न पुसणारा क्रमांक आणि त्याची नोंद असेल, तर ते कुठून निघाले आणि कुठे गेले हे शोधता येते. गॅसच्या टाकीला हे लागू आहे. पिंपाला न लागू होण्याचे काही कारण नाही.

रांजणगावच्या फ्रिजचे काय, हा प्रश्न उरतो. फ्रिज भरलेला ट्रक वजनाने कधी भरत नाही, जागेने भरतो. त्याभोवतीच्या थर्माकोलमध्ये 98 टक्के हवाच असते. म्हणजे ट्रकच्या भाड्यातला काही भाग हवा वाहून नेण्यासाठी जातो. आवरण चार बोटांनी कमी झाले तर ट्रकमध्ये आणखी फ्रिज बसू शकतात आणि तेवढ्याच मालाला कमी खेपा लागतात. युरोपीय संघाने फेब्रुवारी 2025 मध्ये लागू केलेल्या वेष्टन नियमावलीत 2030 पासून वाहतुकीच्या खोक्यातली मोकळी जागा 50 टक्क्यांपेक्षा जास्त नसावी असे ठरवले, ते यासाठी. राज्याच्या 2018 च्या अधिसूचनेत मात्र कारखान्यात घातल्या जाणाऱ्या वेष्टनाला सूट होती आणि ते थर्माकोल घराघरांत पोचते. फ्रिज घरी पोचवणारा टेम्पो रिकामा परत जातो. खोके आणि थर्माकोल त्याच टेम्पोने दुकानात नेले, आणि दुकानातून कंपनीचा ट्रक परत जाताना ते घेऊन गेला, तर याला नवी यंत्रणा लागत नाही. विक्रीच्या करारात एक कलम लागते.

हे होत नाही तेव्हा टाकाऊ वेष्टनाचा शेवट कुठे होतो, हेही इथेच दिसते. दौंड तालुक्यातल्या काही गुऱ्हाळांच्या चुलवाणात उसाच्या चिपाडाबरोबर प्लास्टिकचा कचरा जाळला जातो, अशा तक्रारी गेली काही वर्षे होत आहेत. भंगारात ज्याला किंमत नाही, जे कुणी परत मागत नाही, ते जळण म्हणून स्वस्त पडते. धूर आसपासच्या वस्तीवर आणि उसावर बसतो, आणि त्या गुळाची ढेप पुन्हा प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून बाजारात जाते. गुऱ्हाळवाल्याला दोष देणे सोपे आहे आणि कायदा त्याला लागू व्हायलाच हवा. पण तो कचरा त्याने तयार केलेला नाही. ज्यांनी तो तयार केला, त्यांच्या वहीत त्याच्या परतीचा रकाना नव्हता.

यातले सर्वांत सोपे पाऊल शिरूर आणि दौंडच्या बाजार समित्या स्वतः उचलू शकतात: एका मापाचे, क्रमांक घातलेले क्रेट समितीच्या मालकीचे असावेत, ते शेतकऱ्याला अनामतीवर मिळावेत, पुण्याच्या बाजारात रिकामे घेण्याची खिडकी असावी, आणि कांद्याच्या गोणीची किंमत पट्टीत स्वतंत्र ओळीत धरली जावी. सेसच्या उत्पन्नातून एक हंगाम करून पाहण्याइतका हा खर्च आहे. समितीच्या पुढच्या सभेत हा विषय घ्यायला सांगण्याचा अधिकार प्रत्येक सभासदाला आणि शेतकऱ्याला आहे, तो वापरा.